खासगी विद्यापीठांचा मानदंड

बारावीचा निकाल लागला की पुंडलिकनगरसारख्या मध्यमवर्गीय वस्तीतील पालकांपुढे खासगी विद्यापीठाचा पर्याय उभा राहतो. शुल्काचा आकडा पाहून तो अनेकदा मावळतो. 1982 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी मिशनचे स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ 2019 पासून याच शहरात आहे. अभियांत्रिकीसोबत पत्रकारिता व कलांचे शिक्षण तेथे मिळते, हे स्वागतार्हच होय.

परंतु महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. जपानमधील महिला विद्यापीठापासून प्रेरणा घेऊन महर्षी कर्वे यांनी 1916 मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ स्थापिले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा त्यातील एक विषय. गृहव्यवस्था व आरोग्यही अभ्यासक्रमात होते. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास 1951 साल उजाडले. तोवर 35 वर्षे ते समाजाच्या वर्गणीवर आणि विठ्ठलदास ठाकरसींच्या 15 लाखांच्या देणगीवर तगले.

तेव्हा समाज विद्यापीठाला देत होता. आज विद्यापीठे समाजाकडून घेतात. अनुदानाअभावी शुल्क अपरिहार्य असेल, पण दानशूरांच्या साह्याने शिष्यवृत्तीचा निधी उभारणे अशक्य नाही. ऐपत नसलेल्या किती गुणवंतांना सामावून घेतले, यावरच विद्यापीठाची थोरवी ठरावी.