माळ लांबते, म्हणून रोग उतरतो काय?

पावसाळा सुरू झाला कीं आमच्या दहिसरच्या शाळेंत दोनतीन मुलांच्या गळ्यांत काड्यांची माळ दिसूं लागते. डोळे पिवळे, लघवी गर्द, अन्नावर वासना नाहीं. डॉक्टरला दाखविलें काय, म्हणून विचारावें तों उत्तर ठरलेलें: "गुरुजी, काविळीला डॉक्टरकडे औषध नसतें. माळ घातली आहे. कालपासून चार बोटें उतरली."

माळ उतरते हें खरें आहे. ती ओल्या वनस्पतीच्या कांड्यांची असते. कांड्या सुकून आखडतात, दोरा सैल पडतो व माळ लांबते. खुंटीवर टांगली तरीही लांबेल. हात धुऊन कावीळ काढणाराची गोष्ट हीच. गेल्या वर्षीं मीं वर्गांत आंब्याची अंतरसाल ठेचून तिचा रस धडधाकट मुलांच्या हातांना चोळला आणि चुन्याच्या निवळींत हात धुवावयास सांगितलें. पाणी सर्वांचेंच पिवळें झालें, माझेंही! मुलें खूप हंसलीं. सायंकाळीं मात्र एक आई म्हणाली, "गुरुजी, तुम्ही दाखविलेंत तें खरें, पण आमच्या पोराला गुण आला तो कशानें?"

प्रश्न रास्त आहे. घाण पाण्यांतून येणारी नेहमींची कावीळ, जिला डॉक्टर 'ए' व 'ई' म्हणतात, ती बहुतेकांची कांहीं आठवड्यांत आपोआप बरी होते. तिच्यावर खास असें औषध नाहीं, हेंही खरेंच. शरीर आपलें काम करतें आणि दक्षिणा माळ देणारा नेतो. परंतु पिवळे डोळे ही रोगाची खूण आहे, रोगाचें नांव नव्हे. तीच 'ई' कावीळ गरोदर बाईस शेवटच्या महिन्यांत झाली तर जीव घेते.

आणि लेप्टो? 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, दहिसर नदी घरांत शिरली, आणि पाणी ओसरल्यावर मुंबईंत लेप्टोची सांथ आली. उंदीर, कुत्रीं, गुरें यांच्या मुतांतले जंतु पाण्यांत मिसळतात व पायाच्या जखमेवाटे अंगांत शिरतात. ताप, पोटऱ्या ठणकणें, डोळे लाल; रोग बळावला कीं डोळे पिवळे आणि मूत्रपिंडें बंद. यावर औषध आहे, स्वस्त आहे, पण तें वेळेवर पोटांत गेलें पाहिजे. असा रोगी माळ किती उतरली हें बोटांनीं मोजीत चार दिवस घरीं बसला तर तो हातचा जातो.

येथें शहाणे लोक 'अडाणी समाज' म्हणून मोकळे होतात. आम्हांस हें पटत नाहीं. या बाईनें अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून एका दवाखान्यांत रांग लावली होती. डॉक्टरनें मान वर न करतां चिठ्ठी लिहिली. "काय झालें आहे?" म्हणून तिनें विचारलें, तर "तुला काय समजणार?" हें उत्तर! माळ देणारानें तिला बसावयास घोंगडी दिली, पोराचें नांव विचारलें, सर्व ऐकून घेतलें. दुसऱ्या वेळीं ती कोणाकडे जाईल?

1897 सालीं प्लेगाच्या वेळीं सरकारी माणसें घरोघर झडती घेत, तेव्हां लोक रोगी लपवीत. त्याच सांथींत पुण्यास सावित्रीबाई फुले स्वतः रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तींतच त्यांना प्लेग लागला व 10 मार्चला त्या वारल्या. झडतीवाल्यांपासून माणसें दडत होतीं, बाईंपासून दडत नव्हतीं. आमचें मागणें थोडें आहे. सरकारी दवाखान्यांत रोगाचें नांव आणि कोणती खूण दिसतांच परत यावें, एवढें मराठींत लिहून द्या, वाचतां येत नसेल त्यास वाचून दाखवा.

यंदाच्या श्रावणांत एका मुलास मीं त्याच्या आईसह रक्त तपासावयास नेलें. कावीळ साधीच निघाली. डॉक्टरीणबाईंनीं पांच मिनिटें बसवून सांगितलें. पाणी उकळण्याचें मात्र दोनदां सांगितलें. माळ पोराच्या गळ्यांत होतीच. त्यांनीं ती काढा म्हटलें नाहीं, मींही म्हटलें नाहीं.