पहिल्या पावलाला पैसा कोण देणार?

मालेगावात एचआयव्हीचं नाव आजही कुजबुजत घेतलं जातं. ज्याचं नावच घेत नाही, त्याच्या संशोधनासाठी पैसा मागणार कोण? म्हणून मला हा विषय मांडावासा वाटतो.

पुण्यात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिथेच २००५ मध्ये भारतातली पहिली एचआयव्ही लस-चाचणी झाली. ती लस पुढे गेली नाही. पैसा वाया गेला? मला तसं वाटत नाही. अशा चाचण्यांतूनच प्रयोगशाळा आणि माणसं तयार होतात. पुढे नऊ देशांतल्या एका अभ्यासात पुणेही होतं. औषधं लवकर सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे त्यातून २०११ मध्ये समोर आलं. खर्च मात्र प्रामुख्याने अमेरिकी सरकारचा होता.

परक्याचा निधी परक्याच्या मर्जीवर चालतो. एचआयव्हीसोबत टीबीचा धोका वाढतो, आणि आपल्या यंत्रमागांच्या शहराला टीबी अनोळखी नाही. तेव्हा दोस्तांनो, मत मागायला येणाऱ्याला रस्ते-पाण्यासोबत हेही विचारा: यश हमखास नसलेल्या संशोधनासाठी तुम्ही किती तरतूद करणार? आणि सायन्स शिकणाऱ्या भावाबहिणींना प्रयोगशाळेची वाटही दाखवा.