सोसायटीच्या सीसीटीव्हीत एक ‘काळा पडदा’ दडलेला असतो. तो उघडा राहिला तर काय होतं?

घोडबंदर रोडवरचा टॉवर असो की डोंबिवलीतली जुनी सोसायटी, गेटवर, जिन्यात, पार्किंगमध्ये आता सीसीटीव्ही असतोच. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं सप्टेंबर २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’च्या यादीत आली. पुढच्याच महिन्यात जगाला कळलं, की असे कॅमेरे इंटरनेटवर हल्लाही करू शकतात.

कॅमेऱ्यात कॉम्प्युटर कुठून आला?

नेटला जोडलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत, डीव्हीआरमध्ये आणि वाय-फाय राउटरमध्ये लिनक्सची आटोपशीर आवृत्ती चालते. यंत्रातच बसवलेल्या अशा प्रणालीला ‘एम्बेडेड’ म्हणतात. तिथे मेमरी मोजकी असते, त्यामुळे तंत्रज्ञ टर्मिनलवर काम करतात: काळा पडदा, टाइप केलेली आज्ञा आणि अक्षरांतच येणारं उत्तर. लिनक्सच्या शेकडो आज्ञा एकाच छोट्या फाइलमध्ये देणारा ‘बिझीबॉक्स’ हा प्रोग्रॅम त्यासाठी सर्रास वापरतात.

या टर्मिनलपर्यंत पोहोचायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक, यंत्र उघडून सर्किट बोर्डवरच्या पिनांना वायर जोडणं. दुसरा, ‘टेलनेट’सारख्या सेवेतून थेट नेटवरून.

मग बिघडलं कुठे?

दुसऱ्या रस्त्यावर. ‘मिराई’ या व्हायरसने २०१६ मध्ये टेलनेट उघडं असलेली यंत्रं शोधली आणि कारखान्यातूनच आलेले सुमारे ६० युजरनेम-पासवर्ड वापरून पाहिले. ऐन भरात सुमारे सहा लाख यंत्रं त्याच्या ताब्यात होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना मात्र पत्ताही नव्हता, कारण चित्र नेहमीसारखंच दिसत होतं.

भारतात नियम आहे का?

आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी जाहीर केल्या आणि त्या एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. बोर्डवरच्या त्या पिनांचा रस्ता बंद हवा किंवा त्याला भक्कम पासवर्ड हवा, हेही तपासणीत पाहिलं जातं. पण हा नियम नव्या मालाला आहे. भिंतीवर आधीपासून लटकलेले कॅमेरे तो बदलत नाही.

सोसायटीने काय करावं?

- कारखान्याचा पासवर्ड बदला. पण ॲपचा पासवर्ड बदलला म्हणजे टर्मिनलचाही बदलला, असं नाही. काही यंत्रांत तो बदलताच येत नाही.
- कॅमेरे बसवणाऱ्याला थेट विचारा: टेलनेट बंद आहे का? राउटरमधून बाहेरून आत येणारा पोर्ट उघडा ठेवलाय का?
- फर्मवेअर अपडेट कोण करणार, हे देखभाल करारात लिहून घ्या.
- संशय आला तर यंत्र बंद करून सुरू करा. मिराई मेमरीतून पुसला जातो, पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परतू शकतो.
- कंपनीने अपडेट देणं थांबवलेला कॅमेरा नेटपासून तोडा किंवा बदला.

वॉचमन गेटवर कोण आलं ते पाहतो. कॅमेऱ्याच्या टर्मिनलमध्ये कोण शिरलं, हे पाहायची जबाबदारी मात्र कमिटीने कोणाला तरी नेमून द्यावी लागेल.