‘मोकळी’ या विशेषणाची किंमत

गिरणगाव समजून घेण्यासाठी आपण जयंत पवारांचे ‘अधांतर’ शिकवतो. परंतु विकास नियंत्रण नियमावलीतील ५८वा नियम क्वचितच वाचतो. १९९१च्या या नियमानुसार, गिरणीची जमीन विकसित करताना तिचा ढोबळमानाने एकतृतीयांश हिस्सा म्हाडाच्या घरांना, तर तेवढाच मैदाने-उद्यानांना मिळायचा होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी इमारतींखालची जागा वगळून केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली; २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली. एका विशेषणाने कामगारांच्या घरांची जागा आक्रसली. म्हणून परवडणाऱ्या घरांचा लढा मोर्चाइतकाच मसुद्यावरील हरकती-सूचनांतूनही लढला पाहिजे. शब्दांची पारख हाच आमचा व्यवसाय; त्या वेळी आम्हीच मौन पाळणे कसे समर्थनीय ठरेल?