भागधारकांची सभा पडद्यावर, प्रश्न मात्र पडद्याआड

१९८०च्या दशकात रिलायन्सची वार्षिक सर्वसाधारण सभा मुंबईच्या कूपरेज मैदानावर भरली, तेव्हा हजारो छोट्या भागधारकांनी मैदान गाठले होते. भागधारकांच्या लोकशाहीचे ते दृश्य पुढे अनेक वर्षे चर्चेत राहिले. १५ जुलै २०२० रोजी याच कंपनीची वार्षिक सभा दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. करोनाच्या साथीत तो एकमेव मार्ग होता. साथ ओसरली, सभागृहे उघडली. सभा मात्र बहुतांशी पडद्यावरच राहिली.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम ९६ नुसार वार्षिक सभा साधारणपणे नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते ज्या शहरात वा गावात आहे तेथेच घ्यावी लागते. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ५ मे २०२० च्या परिपत्रकाने त्या वर्षापुरती सवलत दिली. त्यानंतर परिपत्रकामागून परिपत्रक निघत गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ही मुभा पुढील आदेशापर्यंत कायम करण्यात आली. अशा रीतीने, एका वर्षाच्या आपद्धर्माची आता वहिवाट झाली आहे.

या वहिवाटीचे फायदे नाकारता येणार नाहीत. नागपूर वा कोल्हापूरच्या भागधारकाला दोनशे शेअरसाठी मुंबईची वारी परवडत नसे. परिणामी सभागृहात ठरावीक मुंबईकर चेहरे आणि ठरावीक भाषणे यांचेच राज्य असे. कित्येकांचे लक्ष भाषणांपेक्षा अल्पोपाहाराच्या पाकिटांकडे अधिक असे, ही टीकाही जुनीच आहे. आता कोणत्याही गावातून सभा पाहता येते. प्रतिनिधी पाठविण्याची सोय गेली, हे खरे. परंतु प्रतिनिधीला सभेत बोलण्याचा अधिकार पूर्वीही नव्हता आणि मत आता घरबसल्या देता येते.

तथापि, सभा पाहणे आणि सभेत भाग घेणे यांत अंतर आहे. मंत्रालयाच्या निकषांनुसार मोठ्या कंपन्यांनी किमान १,००० सभासदांना ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या तत्त्वावर प्रवेश द्यायचा असतो. प्रवर्तक, संचालक, संस्थात्मक गुंतवणूकदार आणि २ टक्के वा अधिक हिस्सा असलेले भागधारक यांना ही मर्यादा लागू नाही. प्रश्न सभेतच विचारू द्यावेत किंवा आधी ई-मेलने मागवावेत, असे दोन्ही पर्याय कंपनीला खुले आहेत. अनेक कंपन्या बोलू इच्छिणाऱ्यांना काही दिवस आधी नाव नोंदवायला सांगतात आणि वक्त्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा हक्क सूचनेतच राखून ठेवतात. माइक सुरू कोणाचा करायचा आणि बंद केव्हा करायचा, हे कंपनीच ठरवते.

खरा प्रश्न येथेच आहे. सभागृहात उभ्या राहिलेल्या भागधारकाला अध्यक्ष खाली बसवू शकत. पण त्याला खाली बसवले गेले, हे सारे सभागृह पाहत असे. शेजारचा भागधारक त्याची बाजू घेऊन उठू शके. पडद्यावर कोणाला बोलू दिले नाही, हे इतरांना कळतच नाही. आधी मागविलेल्या प्रश्नांपैकी कोणते वगळले, याचाही पत्ता लागत नाही. त्यातच दूरस्थ ई-मतदान सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी ५ वाजता संपते. सभेत मतदानाची संधी उरते ती ज्यांनी आधी मत दिलेले नाही त्यांनाच. म्हणजे बहुतेकांचा कौल आधी आणि चर्चा नंतर, असा क्रम झाला आहे.

संचालक मंडळाच्या बैठकांशी तुलना केल्यास ही उणीव ठळक होते. कलम १७३ ने संचालकांना दूरदृश्य प्रणालीद्वारे उपस्थित राहण्याची मुभा कायद्यातच दिली आहे. २०१४ च्या नियमांतील व्याख्येनुसार ती यंत्रणा सर्व उपस्थितांना मध्यस्थाविना, एकाच वेळी परस्परांशी संवाद साधू देणारी हवी. वार्षिक हिशेबांना मंजुरीसारखे विषय अशा बैठकीत घेण्यावरील निर्बंधही जून २०२१ मध्ये उठवले गेले. संचालकांसाठी जी कसोटी आहे, ती कंपनीचे मालक म्हणविल्या जाणाऱ्या भागधारकांच्या सभेला लावली, तर किती सभा उत्तीर्ण होतील?

यावर उपाय म्हणून सर्वांना पुन्हा सभागृहात बोलावण्याची गरज नाही. सभागृह आणि पडदा अशा दोन्ही मार्गांनी सभा घेता येते. किती सभासदांनी बोलण्यासाठी नाव नोंदवले, किती जण प्रत्यक्ष बोलले, कोणते लेखी प्रश्न आले आणि त्यांना काय उत्तर दिले, याची यादी सभेच्या इतिवृत्तासोबत संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक करता येईल. सार्वजनिक कंपन्यांनी सभेचे लिखित इतिवृत्त संकेतस्थळावर ठेवावे, असे परिपत्रकांत आहेच. त्यात न विचारू दिलेल्या प्रश्नांची भर पडली, तर चित्र पूर्ण होईल. पुढील आदेशापर्यंत चालणाऱ्या व्यवस्थेला परिपत्रकांचा आधार पुरेसा नाही. भागधारकाचा बोलण्याचा हक्क कायद्याच्या कलमात आला, तरच त्याला पडद्यावरच्या सभेत खऱ्या अर्थाने स्थान मिळेल.