विश्लेषण : घर असूनही ‘घराची गरज’? अमेरिकेतील काउंटी ती कशी मोजतात, आणि आपल्या मोजणीत काय सुटते?

डोक्यावर छप्पर आहे, दाराला कुलूप आहे, भाडेही दर महिन्याला वेळेवर जाते. तरीही अमेरिकेत सरकारी हिशेबात असे कुटुंब ‘घराची अडचण असलेले’ ठरू शकते. आपल्याकडे याच कुटुंबाची अडचण कोणत्याही यादीत दिसत नाही. फरक परिस्थितीचा नाही, मोजपट्टीचा आहे. आणि ज्याची मोजणी होत नाही, त्यासाठी सहसा निधीही येत नाही.

काउंटीला ही मोजणी का करावी लागते?

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अमेरिकेत त्या तीन हजारांहून अधिक आहेत. अनेक मराठी कुटुंबे राहतात ते न्यू जर्सीतील एडिसन हे मिडलसेक्स काउंटीत येते. १९७४ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी गृहनिर्माण आणि समुदाय विकास कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातून ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’ हे केंद्रीय अनुदान सुरू झाले. मोठ्या शहरांना आणि साधारण दोन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या पात्र काउंटींना ते थेट मिळते. अट अशी की आधी गरज मोजायची, तीन ते पाच वर्षांचा आराखडा करायचा आणि मगच पैसे घ्यायचे. यातील किमान ७० टक्के रक्कम अल्प आणि मध्यम उत्पन्न गटाच्या उपयोगी पडली पाहिजे. परिसरातील मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमाई असलेली कुटुंबे या गटात येतात.

गरज ठरवणाऱ्या कसोट्या कोणत्या?

कसोट्या चार आहेत. घरात पूर्ण स्वयंपाकघर नाही. नळ, शौचालय, न्हाणीघराची पूर्ण सोय नाही. दर खोलीमागे एकाहून अधिक माणसे राहतात. घरखर्चावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम जाते. यापैकी एक जरी लागू झाली, तरी अडचण नोंदवली जाते.

समजा, एका कुटुंबाची महिन्याची कमाई पाच हजार डॉलर आहे. भाडे आणि वीज-पाणी मिळून १,५०० डॉलरपर्यंत खर्च असेल तर ठीक. दोन हजार झाले तर ते ‘खर्चाचा भार असलेले’ कुटुंब. अडीच हजारांच्या, म्हणजे ५० टक्क्यांच्या वर गेले तर ‘तीव्र भार’.

मोजणी फक्त घरांचीच होते का?

नाही. जुनी जलवाहिनी, पदपथ, ज्येष्ठांचे केंद्र, सांडपाण्याची व्यवस्था हेही याच आराखड्यात येते. त्यासाठी वर्षातून किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात. मसुदा नागरिकांच्या सूचनांसाठी किमान ३० दिवस खुला ठेवावा लागतो. एखादी सूचना स्वीकारली नाही, तर त्याचे कारण लेखी द्यावे लागते. आपल्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाते, त्याच्याशी हे थोडे जुळते. पण नकाराचे कारण कागदावर येणे ही मोठी गोष्ट आहे.

मग तिथे सगळे आलबेल आहे का?

अजिबात नाही. या कसोट्यांची आकडेवारी हाती येईपर्यंत काही वर्षे जुनी झालेली असते, भाडे मात्र थांबत नाही. बेघरांची मोजणी जानेवारीच्या अखेरच्या दिवसांत एका रात्रीपुरती होते. २०२४ मध्ये त्या रात्री देशभरात ७,७१,४८० बेघर मोजले गेले. भाडे न परवडल्याने नातेवाइकांच्या दिवाणखान्यात झोपणारे कुटुंब या मोजणीत धरलेच जात नाही. शाळांसाठीच्या कायद्यात मात्र त्याच कुटुंबातील मूल बेघर मानले जाते. एकच मूल शाळेच्या नोंदीत बेघर आणि रात्रीच्या मोजणीत नाही! व्याख्या बदलली की माणूस दिसतो किंवा दिसेनासा होतो.

आपल्याकडे काय सुटते?

केंद्राच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशात १ कोटी ८८ लाख शहरी घरांची टंचाई असल्याचा अंदाज मांडला. त्यातील सुमारे दीड कोटी कुटुंबांना घर होते, पण अपुऱ्या जागेत दाटीवाटीने राहावे लागत होते. बेघर सुमारे पाच लाख. त्याआधी वर्षभर झालेल्या जनगणनेत शहरांतील १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. म्हणजे नुसती घरे बांधून हा हिशेब सुटणार नव्हता. प्रश्न परवडण्याचाही होता.

नेमका तोच मोजला गेला नाही. २०११ च्या जनगणनेत घर स्वतःचे की भाड्याचे, खोल्या किती, विवाहित जोडपी किती हे विचारले गेले. भाडे किती, हे विचारले गेले नाही. ग्रामीण घरकुल योजनेचा भर कच्च्या घरावर आणि बेघरांवर आहे, तो योग्यच आहे. पण पुण्यात तीस हजार रुपये पगारातून बारा हजार रुपये भाडे भरणाऱ्याचा ४० टक्के भार त्यात कुठे दिसणार? अमेरिकेच्या मोजपट्टीने तो गरजूंत मोडतो, आपल्या मोजपट्टीने तो सुखरूप घरात राहतो.

मग करायचे काय?

अमेरिकेची योजना जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. तिथली तीस टक्क्यांची रेषाही आपल्या अनियमित कमाईला सरळ लागू होणार नाही. मात्र जिल्हा आणि महापालिका पातळीवरील घरांच्या सर्वेक्षणात दोन प्रश्न वाढवता येतील : भाडे किती आणि महिन्याची कमाई किती. त्यातून निघालेली वॉर्डनिहाय आकडेवारी लोकांसमोर ठेवावी आणि आक्षेपांना लेखी उत्तर द्यावे. यासाठी नवी योजना लागत नाही, सर्वेक्षणाच्या अर्जात दोन ओळी लागतात. त्या येत नाहीत, तोवर शहरांतील निम्न उत्पन्न गटाची सर्वांत मोठी अडचण दर महिन्याच्या भाड्यात जात राहील आणि सरकारी कागदावर ती शून्यच राहील.