गुडघ्याचा नकाशा काढतो कोण?

अंधेरी-मुलुंडच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत गुडघेबदलासाठी ‘रोबो’ आता नवा राहिलेला नाही. यंत्र मिलिमीटरचा हिशेब ठेवते, हे खरे. पण हाडाचा नकाशा सर्जनच्या हातातली टोकदार सळई काढते. तिने टिपलेल्या बिंदूंवरच संगणक विसंबतो. गुडघ्यामागे सळई पोहोचणे अवघड, घोटा कातडीवरूनच चाचपावा लागतो आणि खुब्याचा मध्य तर पाय गोल फिरवून गणिताने काढायचा. आधी सीटी स्कॅन केला, तरी तो हाडाशी जुळवायला पुन्हा बिंदूच लागतात. सांध्याच्या किमतीवर २०१७पासून सरकारी मर्यादा आहे. रोबोच्या शुल्कावर नाही. पाय अधिक सरळ बसतो, वेदनेत मात्र फारसा फरक अभ्यासांत दिसलेला नाही. तेव्हा जादा पैसे भरण्याआधी सर्जनचा अनुभव विचारावा.